न्यायाचें मोल कोणीं आणि केव्हां द्यावें ?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकूं येते. ती सांगणारा बहुधा अनुभवानें सांगतो, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तिच्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, पायरी चढावयाची किंवा न चढावयाची हें ठरविणें शहाण्याच्या हातीं असतें. ज्याच्या शेताचा बांध शेजाऱ्यानें सरकविला, ज्याचें नांव सात-बाराच्या उताऱ्यांतून नाहींसें झालें, किंवा ज्याच्या झोंपडीभोंवतीं एके सकाळीं तारेचें कुंपण पडलें, त्याला ही निवड उरत नाहीं. त्याच्यापुढें उभा राहतो तो खर्चाचा प्रश्न. दाव्याचा खर्च कोणीं द्यावा, केव्हां द्यावा, आणि जो देतो त्याला त्याबद्दल काय मिळावें, या तीन गोष्टींचा मागोवा आम्ही प्रस्तुत लेखांत घेणार आहों. आणि तो घेतांना कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके डोळ्यांपुढें ठेवणार आहों.

हेच दोन तालुके कां, असें वाचक विचारतील. बोरघाटाच्या पायथ्याशीं उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत हा मुलूख वसलेला आहे. खालीं भाताचीं खाचरें, वर वरकस जमीन, आणि त्याहून वर डोंगरउतारावर दळीचे तुकडे, अशी त्याची रचना. खाचरांत कुणबी व आगरी, डोंगराच्या अंगाला ठाकूर व कातकरी. १८८२ सालच्या गॅझेटियरांत कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका म्हणून वर्णिलेला आहे. १८९१ सालीं तो कुलाबा जिल्ह्यांत आला, आणि त्या जिल्ह्याचें नांव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झालें. मुंबई आणि पुणें यांच्या मधोमध असल्यामुळें येथील जमिनीवर बाहेरच्या पैशाची दृष्टि नेहमींच राहिली : प्रथम सावकाराची, मग रेल्वे, वीज व कारखाने यांची, आणि अलीकडे शेतघरें बांधणाऱ्यांची. जमिनीला मोल चढलें म्हणजे तंटे वाढतात, आणि ज्याच्याजवळ जमिनीखेरीज कांहींच नाहीं त्याला तंटा चालविण्यासाठीं पैसा कोठून आणावा हा विचार पडतो. आमचा विषय येथें जितका स्पष्ट दिसतो तितका तो शहरांतील कज्ज्यांत दिसत नाहीं.

पेशवाईंत हा भाग कल्याण प्रांतांत मोडे. त्या काळीं जमिनीचा किंवा वतनाचा तंटा गोतापुढें अथवा पंचायतीपुढें जाई. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघेही आपापली तक्रीर लिहून देत, निवाडा मान्य करण्याबद्दल राजीनामा व जामीन देत, आणि अखेर महजर अथवा निवाडपत्र होई. पंचांस पगार नसे. मात्र निवाडा झाल्यावर सरकार दोघांकडूनही पैसे घेई. जिंकणाऱ्यानें आनंदानें द्यावयाची ती हरकी, आणि हरणाऱ्यावर बसावयाची ती गुन्हेगारी. वादाची वस्तु आणि पक्षकाराची ऐपत पाहून ही रक्कम ठरविली जाई.

या पद्धतीचें स्तोत्र गाण्याचा आमचा हेतु नाहीं. हरकी कित्येकदां जबर असे. न्याय हा सरकारच्या उत्पन्नाचा एक बाब होऊन बसला होता. पुरावा अपुरा पडला कीं दिव्य करावें लागे. आणि गोतसभेंत ठाकरा-कातकऱ्याचा शब्द पाटलाच्या शब्दाइतका वजनदार ठरे, असें मानण्यास आधार नाहीं. १८१९ सालीं एल्फिन्स्टन साहेबांनीं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल सादर केला, त्यांत पंचायतीची दिरंगाई आणि तिच्या अंगीं असलेला अधिकाराचा अभाव, हे दोष त्यांनीं मांडलेच आहेत. तरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे : मुख्य आकार निवाड्यानंतरचा होता. दारांत पाऊल टाकण्यापूर्वीं कोणी पैसे मागत नसे.

इंग्रजी अमलांत हा क्रम उलटला. फिर्याद दाखल करतांनाच फी घ्यावी ही कल्पना प्रथम बंगाल्यांत रुजली. १७९५ सालच्या तेथील एका रेग्युलेशनांत तिचें समर्थन असें केलेलें आहे कीं, त्यामुळें निरर्थक कज्जे कमी होतील. चाळीस वर्षांनीं मेकॉले साहेबांनीं या समर्थनाची यथेच्छ टर उडविली. त्यांचा मुद्दा साधा होता : फी प्रामाणिक फिर्यादीला आणि लबाड फिर्यादीला सारखीच अडविते, आणि लबाडाच्या खिशांत पैसा असला तर ती त्याला मुळींच अडवीत नाहीं. मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनी कायदेसंग्रह १८२७ सालीं आला, १८५९ सालीं सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं दिवाणी व्यवहारसंहिता झाली, आणि १८७० सालीं कोर्ट फीचा कायदा झाला.

त्या १८७० च्या कायद्याचें परिशिष्ट वाचण्याजोगें आहे. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत दर पांच रुपयांस सहा आणे, म्हणजे शंभर रुपयांच्या फिर्यादीस साडेसात रुपयांचा स्टाम्प. हजार रुपयांपर्यंत हाच दर. पुढें तो उतरत जाई, आणि कितीही मोठा दावा असला तरी तीन हजार रुपयांच्या वर फी नसे. दहा लाखांचा दावा लावणाऱ्या पेढीला शेंकडा पांच आण्यांहून कमी, आणि शंभर रुपयांसाठीं भांडणाऱ्या कुणब्याला शेंकडा साडेसात रुपये, असा तो हिशेब. महाराष्ट्रांत १९५९ च्या स्वतंत्र कायद्यानें दर बदलले, आणि कमाल फीची मर्यादा २०१८ सालीं तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. परंतु वरचें टोंक बांधलेलें आणि खालचें मोकळें, ही ठेवण मात्र कायम राहिली.

येथें न्यायाच्या दृष्टीनें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. शेतजमिनीच्या कबजाच्या दाव्यांत फी बाजारभावावर न घेतां सरकारी आकाराच्या पटीवर घेण्याची सोय १८७० च्या कायद्यांत होती; रयतवारी मुलखांत बहुधा आकाराच्या पांचपट किंमत धरीत. त्यामुळें अशा दाव्याचा स्टाम्प लहान असे. शेतकऱ्याचें कंबरडें मोडे तें इतर खर्चानें. वकीलपत्र, समन्सांची बजावणी, साक्षीदारांचा भत्ता, दाखल्यांच्या नकला, मोजणी, तारखांचे हेलपाटे, आणि वरच्या कोर्टांत अपील झालें तर पुन्हां पहिल्यापासून तोच पाढा. कर्जत आणि खालापूर येथें आज दिवाणी न्यायालयें आहेत. पण जिल्हा न्यायालय अलिबागेस, आणि उच्च न्यायालय मुंबईस. लावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत पडलेली तारीख म्हणजे मजुरीचा एक दिवस बुडाला इतकेंच नव्हे, तर कधीं कधीं हंगामच हुकला.

या खर्चाचा परिणाम प्रतिवादीवर काय होतो, हें घाटाच्या वरच्या अंगास अधिक उघड झालें. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनास असें आढळून आलें कीं, सावकारांचे बहुतेक हुकूमनामे एकतर्फी झालेले होते. कूळ कोर्टांत येतच नसे. आलें तर वाटखर्च आणि वकिलाची फी, न आलें तर हुकूमनामा. त्यांत पहिल्यापेक्षां दुसरें तात्काळ स्वस्त वाटे. या अनुभवांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा निघाला, आणि सलोखा करणारे व गांवमुनसफ नेमण्याची तजवीज त्यांत झाली.

मग ज्याला दावा लावावयाचाच आहे त्यानें पैसा कोठून आणावयाचा ? पहिला मार्ग कर्जाचा. ज्या शेतासाठीं भांडावयाचें त्याचाच शेजारचा तुकडा गहाण टाकून भांडण चालवावयाचें. निकाल अनुकूल झाला तरी एक तुकडा वांचतो आणि दुसरा जातो. दुसरा मार्ग वाट्याचा : पैसेवाल्यानें दाव्याचा सर्व खर्च करावा आणि जें पदरांत पडेल त्यांतून ठराविक हिस्सा घ्यावा.

इंग्लंडांत हा दुसरा व्यवहार मध्ययुगापासून निषिद्ध होता. चॅम्पर्टी या नांवानें तो गुन्हा गणला जाई, आणि १९६७ सालींच तेथें त्याचा गुन्हेपणा रद्द झाला. हिंदुस्थानांत तो निषेध लागू आहे काय, हा प्रश्न १८७६ सालीं रामकुमार कुंडू विरुद्ध चंद्रकांत मुखर्जी या बंगाल्यांतील खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलापुढें आला. निकाल असा झाला कीं, इंग्लंडचा तो कायदा येथें लागू नाहीं. हक्क खरा असून केवळ पैशाच्या अभावीं तो बुडत असेल, तर त्याला न्याय्य अटींवर साह्य करणें इष्टच आहे. मात्र करार पिळवणुकीचा असेल, किंवा केवळ कज्जेदलालीसाठीं केलेला असेल, तर न्यायालय तो बजावणार नाहीं. पुढें अशा कित्येक प्रकरणांत न्यायालयांनीं वाटा नाकारून पैसे देणाऱ्यास त्याचा खराखुरा खर्च व व्याज एवढेंच देवविलें.

वकिलाला मात्र ही सवलत नाहीं. १९५४ सालीं मुंबईच्या एका वकिलाचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. अशिलाला जें मिळेल त्याचा अर्धा भाग फी म्हणून घेण्याचा त्यानें करार केला होता. न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, हाच करार दोन त्रयस्थ माणसांत झाला असता तर त्याला केवळ तेवढ्यानें बेकायदा म्हणतां आलें नसतें. परंतु वकिलानें तसें करणें हें व्यवसायाला अशोभनीय आहे. ज्याचें कर्तव्य न्यायालयास मदत करण्याचें, त्याचाच निकालांत वाटा असूं नये, हें तत्त्व आम्हांस योग्य वाटतें. त्रयस्थ धनकोस मुंबई उच्च न्यायालयाच्या दुरुस्तीनें महाराष्ट्रापुरतें एक बंधन घातलें : वादीनें खर्चासाठीं दाव्यांतील मिळकतीचा हिस्सा दुसऱ्याला देऊं केला असेल, तर त्या दुसऱ्याला त्याच्या संमतीनें वादी करून घेण्याचा, आणि प्रतिवादीच्या खर्चाबद्दल तारण मागण्याचा न्यायालयास अधिकार आहे. पडद्याआड राहून जुगार खेळण्यापेक्षां उजेडांत येऊन जबाबदारी घ्यावी, असा त्याचा आशय आहे.

तथापि, कातकऱ्याच्या दाव्याला धनको मिळेल काय ? आज इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथें केवळ दाव्यांत भांडवल गुंतविणाऱ्या कंपन्या आहेत. परंतु त्या पाहतात त्या कोट्यवधींच्या मागण्या. वाडीखालच्या चार गुंठ्यांत त्यांना स्वारस्य नाहीं. आणि ज्या जमिनीला महामार्गाच्या शेजारामुळें एकाएकी मोल आलें, तिच्या दाव्याला धनको मिळालाच, तर त्याला निकालापेक्षां जमीन हवी असण्याचाच संभव अधिक. मग मालकाचा वाटा ठरतो तो त्याच्या हक्कावरून नव्हे, तर त्याच्या निकडीवरून.

तिसरा मार्ग नादारीचा. ज्याच्याजवळ कोर्ट फी भरण्याचें साधन नाहीं, त्याला नादार म्हणून दावा लावतां येतो. १९०८ च्या संहितेंत, जेथें फी ठरलेली नाहीं तेथें, अंगावरचे जरूरीचे कपडे आणि दाव्याची वस्तु सोडून शंभर रुपयांची मालमत्ता नसावी अशी कसोटी होती. १९७६ च्या दुरुस्तीनें शंभराचे हजार झाले आणि नादाराला वकील नेमून देण्याचीही सोय झाली. दावा जिंकला तर राहिलेली फी सरकार त्या मिळकतींतून प्रथम वसूल करून घेतें. म्हणजे मोल चुकत नाहीं, पुढें ढकललें जातें. हरकीचीच ही कांहींशी आठवण म्हणावयाची. परंतु नादारी सिद्ध करावयाची म्हणजे दाव्यापूर्वीं आणखी एक छोटा दावा. त्यांत प्रतिपक्ष आणि सरकारी वकील दोघांनाही हरकत घेतां येते. शिवाय एक नियम असा आहे कीं, वादाच्या वस्तूंत दुसऱ्या कोणाला हिस्सा देण्याचा करार झालेला असेल तर नादारीचा अर्ज फेटाळला जावा; आणि १९७६ पासून, दुसरा कोणी खर्च करण्यास बांधलेला असेल तरीही तो फेटाळला जातो. नियमाचा हेतु रास्त आहे : ज्याच्या मागें पैसेवाला उभा आहे त्यानें गरिबाचें सोंग घेऊं नये. परंतु व्यवहारांत धनकोचें दार उघडावें तों नादारीचें दार बंद होतें. स्टाम्प सरकारनें सोडला तरी तारखांचा खर्च उरतोच, आणि त्यासाठीं जो हात पुढें करील त्याच्यामुळें ती सवलतच जाण्याचें भय असतें.

आतांपर्यंतचे मार्ग खर्च कोठून आणावा हें सांगणारे झाले. दुसऱ्या एका परंपरेनें खर्चच कमी करण्याचा प्रयत्न केला, आणि आमच्या मतें खेड्यापाड्यांना खरा उपयोग तिचाच झाला. १९०६ चा मामलेदार कोर्टांचा कायदा तिचा आरंभींचा नमुना : कबजा हिसकावला किंवा पाणी अडविलें तर सहा महिन्यांच्या आंत तालुक्याच्या कचेरींतच दाद मागतां येते. १९४८ च्या कूळकायद्यानें कुळाचे प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढून महसुली अधिकाऱ्याकडे सोंपविले, आणि १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारा मालक मानला गेला. पुढें १९७४ च्या कायद्यानें १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत बिगर आदिवासींच्या हातीं गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याची तजवीज केली. या कायद्यांत मागाहून एक विलक्षण कलम घालण्यांत आलें : खास परवानगीखेरीज या कामांत वकिलानें उभें राहूं नये.

वकिलीचा धंदा करणाऱ्यांस हें कलम झोंबलें, आणि लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यांत तें सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. १९८४ च्या अखेरीस न्यायालयानें तें वैध ठरविलें. एका बाजूस पैसेवाल्याचे नामांकित वकील आणि दुसऱ्या बाजूस वकील करण्याची ऐपत नसलेला आदिवासी, असा विषम सामना टाळण्याचा हा उपाय आहे, असें त्या निर्णयाचें सार आहे. यावर आक्षेप नाहीं असें नाहीं. निरक्षर माणूस कचेरींत एकटा उभा राहिला कीं तो अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर सोंपविला जातो, आणि चांगुलपणाची हमी कोणतेंही कलम देत नाहीं. तरीही या कलमानें एक गोष्ट उघड कबूल केली : दोन्ही पक्षांना बोलण्याची सारखीच मुभा दिली, पण बोलण्याचें मोल एकालाच परवडलें, तर ती मुभा समान राहत नाहीं.

याहूनही सुटसुटीत युक्ति १९८४ सालींच भूमिसंपादनाच्या कायद्यांत आली. संपादित जमिनीचा मोबदला अपुरा वाटला तर मालकाला न्यायालयाकडे जातां येई. पण ज्याच्याजवळ पैसा व माहिती होती तोच जाई, आणि त्याच अधिसूचनेंतला त्याचा गरीब शेजारी कमी दरावर समाधान मानी. २८-अ या नव्या कलमानें असें ठरविलें कीं, एकाला न्यायालयानें वाढीव दर दिला म्हणजे ज्यांनीं दावा लावला नव्हता अशा इतरांनींही तीन महिन्यांच्या आंत साधा अर्ज करून तोच दर मागावा. २०१३ च्या नव्या कायद्यांतही ही तरतूद ठेवलेली आहे. एकाच्या खर्चानें सर्व शिवाराचा निकाल लागतो, आणि कोणी कोणाचा ऋणको होत नाहीं. दिवाणी संहितेंतही एकाच हितसंबंधाच्या पुष्कळ लोकांच्या वतीनें एकानें दावा लावण्याची परवानगी आहे. कर्जत-खालापुरांतील कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या असून त्यांना गांवठाणाचा दर्जा नाहीं. अशा वाडीनें घरटी वर्गणी करून एकच काम एकजुटीनें चालविणें, हें वीस घरांनीं वीस ठिकाणीं कर्ज काढण्यापेक्षां केव्हांही शहाणपणाचें.

राहतां राहिला कायदेविषयक मदतीचा मार्ग. मुंबईंत लीगल एड सोसायटी १९२४ सालीं निघाली. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति एन्. एच्. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं या विषयावर समिति नेमली. १९७६ च्या घटनादुरुस्तीनें मोफत कायदेविषयक मदत हें राज्याचें मार्गदर्शक तत्त्व झालें. आणि १९८७ चा विधिसेवा प्राधिकरणांचा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना, तसेंच स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावतां वकील व कोर्टखर्च मिळूं शकतो, आणि त्यासाठीं तालुक्याच्या न्यायालयांतील समितीकडे अर्ज करतां येतो. स्त्रियांना पोटगी, मालमत्तेचे तंटे, अत्याचार व घटस्फोट या कामांत कोर्ट फी माफ करण्याची अधिसूचना महाराष्ट्र सरकारनें १ ऑक्टोबर १९९४ रोजीं काढलेली आहे. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतूनही ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मग माहेरच्या जमिनींतला वाटा मागूं इच्छिणाऱ्या ठाकरवाडीच्या लेकीला ती कोणीं सांगावी? हक्क कागदावर फुकट झाला तरी त्याची वार्ता पोंचविण्याचें मोल कोणाला तरी द्यावेंच लागतें.

येथें कर्जत तालुक्याच्याच एका सुपुत्राचें स्मरण होतें. माथेरान येथें १ डिसेंबर १९१२ रोजीं एका नाभिक कुटुंबांत जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, हे कायद्याचे पदवीधर होते. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं या वकिलानें शेतकऱ्यांसाठीं जें काम उभें केलें त्यांत धान्यकोठी होती, हें आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतें. आषाढ-श्रावणांत घरांत भात नसला म्हणजे सावकाराच्या कागदावर अंगठा उठतो, आणि पुढचे सर्व दावे त्या अंगठ्यांतून जन्म घेतात. कोठींतला पायलीभर भात जें काम करतो, तें मागाहून दहा वकिलांच्यानें होत नाहीं.

तात्पर्य, दाव्याच्या खर्चाची कोणतीही योजना पारखतांना तीन प्रश्न विचारावे. ती पैसे दारांतच मागते कीं निकालानंतर ? देणाऱ्याच्या हातीं मोबदल्यांत हक्काचा किती भाग जातो ? आणि एकाचा खर्च इतरांच्या उपयोगीं पडतो कीं प्रत्येकाला तो नव्यानें करावा लागतो ? सावकाराचें कर्ज या तिन्ही प्रश्नांत नापास होतें. वाट्याचा करार पहिल्यांत उतरतो, पण दुसऱ्यांत बुडतो. नादारी पहिल्या दोहोंत तरते, परंतु तिचें दार अरुंद आहे. विधिसेवा समितीची मदत त्याहून सरस, पण तिची वार्ता डोंगर चढून जात नाहीं. २८-अ सारखें कलम, तालुक्यांतच चालणारी साधी चौकशी, आणि सर्व वाडीनें मिळून चालविलेलें एक काम, हींच तिन्ही कसोट्यांस उतरतात. कायदे करणाऱ्यांनीं पुढची वाट या बाजूनें काढावी; आणि ज्यांच्या घरांत वकील, शिक्षक, कारकून आहेत अशा वाचकांनीं, सुट्टींत कर्जत-खालापुराच्या डोंगरांत जाणें झालें तर, वाडीवर पाणी पिण्यास थांबतांना तालुक्याच्या विधिसेवा समितीचा पत्ता तेवढा सांगून यावा. त्याला स्टाम्प लागत नाहीं.